पाणकराची बांधी

टिकारामने बावीस वर्षं गावाचं पाणी वाटलं, आणि त्या बावीस वर्षांत कुणाच्या घरी घोटभर चहा घेतला नाही. निदान पोळ्यापासून धान कापणीला येईपर्यंत तरी नाही. दिघोरीपासून दोन कोसांवरचं ते गाव मोठ्या तळ्याच्या जिवावर जगायचं. तळ्याच्या दगडी दाराला तिथे तुडूम म्हणतात. त्याची लाकडी बुचं कधी काढायची आणि कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ पाणी सोडायचं, हे ठरवतो तो पाणकर. पाणकराने कुणाचं मिंधं असू नये आणि त्याची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी भिजावी, असे दोनच कायदे. ते कुठे लिहिलेले नव्हते, म्हणूनच बहुधा पाळले जात.

तळ्याची मातीची पाळ मात्र खचत चालली होती. तळं सरकारजमा झाल्यापासून भंडाऱ्याच्या कचेरीत अर्ज देऊन देऊन टिकारामच्या चपला झिजल्या. शेवटी त्याचा बालमित्र देवाजी वैतागून म्हणाला, "अर्ज कायले देऊन रायला गा? अर्ज वाचनाराच होऊन जाय!"

१९७८ ची विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. गावाने हो म्हटलं. हो म्हणायला गावाचं काय जातं? देवाजीने सूचक म्हणून सही ठोकली आणि टिकाराम अपक्ष उभा राहिला. चिन्ह मिळालं शिडी.

प्रचार म्हणजे दोन सायकली आणि दोन म्हातारे व्हायला आलेले गडी. दारोदार जाऊन हात जोडायचे होते, पण ज्याने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही त्याच्या तोंडून 'मत द्या' निघेना. तो विचारायचा, "तुमच्या तलावाची पाळ कशी हाय जी?" मग लोकांबरोबर पाळीवर जायचा, माती कुठे भरायची ते सांगायचा आणि सायकलवर टांग मारायचा. मागून देवाजी ओरडायचा, "शिडीवर शिक्का मारा बाप्पा!" लोक हसायचे. टिकारामही हसायचा. ते पंधरा दिवस त्याला फार सुखाचे गेले, आणि नंतर तेच त्याला सगळ्यात जास्त खुपले.

मोजणी भंडाऱ्याला झाली. तो पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, आणि डिपॉझिट जाणार हेही. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण त्याच्या गावची पेटी उघडली तेव्हा तो तिथेच उभा होता. तीनशे बारा मतं निघाली. त्यातली शिडीवर एक्केचाळीस. एखादा गठ्ठा चुकून दुसरीकडे गेला असेल, असं वाटून त्याने पुन्हा विचारलं. मोजणाऱ्याने पुन्हा तेच सांगितलं.

 परतताना एसटीत देवाजी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी बायकोने, रुखमाने, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाहेरच्यायनं नाई देल्लं, समजलं. पन आपल्या गावानं?"

"जाऊ दे," तो म्हणाला.

पण मन काही जाऊ देईना. कुणी रामराम केला की मनात यायचं, हा एक्केचाळिसातला की बाकीच्यातला? मग त्या विचाराची त्याला स्वतःलाच लाज वाटायची. लोकही त्याच्या नजरेला नजर देईनात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

पावसाळा आला, धानाची रोवणी झाली, आणि चिखलात राबता राबता त्याचा राग उतरला. आता पोळा होईल, पाणकराची काठी हातात येईल, पाणी सुरू होईल. पाण्याला शिडी कळत नाही की दुसरं कुठलं चिन्ह कळत नाही. बुचं निघायला लागली की लोकांना दिसेल, टिकाराम होता तसाच आहे. ह्या एका आशेवर त्याने ते दिवस काढले होते.

पोळ्यानंतर पावसाने पाठ फिरवली. धान निसवायला आलं होतं. मारुतीच्या पारावर बैठक भरली. तुडुमाशी पाणी मोजायची एक खाचा पाडलेली बांबूची काठी होती. दरवर्षी देवाजी ती टिकारामच्या हातात द्यायचा, नाव पुकारायचीही गरज पडत नसे. टिकारामने सवयीने हात पुढे केला. देवाजीने काठी परसराम नावाच्या एका तरण्या पोराच्या हातात दिली.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "मत नाई देल्लं आपन. आता आपल्या बांधीत पानी सोडल का थो?"

टिकारामचा हात तसाच राहिला. मग त्या हाताने त्याने डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा नीट केला आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर गेला तर त्याच्या बांधीत नुकतंच पाणी शिरू लागलेलं. वरच्या सगळ्या बांध्यांना भेगा पडलेल्या, आणि पाट सगळ्यांना ओलांडून थेट त्याच्याकडे आलेला. बांधाच्या धुऱ्यावर देवाजी बसला होता.

"गावानंच ठरवलं. पयलं पानी तुले."

"माही बांधी शेवटची हाय, देवाजी."

"तवा तू पानकर होता."

 टिकारामने सहा महिने मनात ठेवलेला प्रश्न विचारला, "तुयं मत त्या एक्केचाळिसात होतं का?"

"नाई," देवाजी म्हणाला. त्याला मान वर करवेना. "मतदानाच्या आदल्या दिवशी आमी पारावर बसलो होतो. तू मुंबईले गेला असता त पानी कोन वाटलं असतं? दुसऱ्या कोनावर भरोसा नाई गा गावाचा. म्हनून नाई देल्लं. जे पारावर नोहोते, त्यायचेच तेवढे पडले. तुले ठेवासाठी नाई देल्लं, टिकाराम."

 एवढ्या दिवसांत पहिल्यांदा टिकारामला कळलं की गावाचा त्याच्यावर राग नव्हता, जीव होता. आणि त्या जिवाने काही भलं झालं नव्हतं.

"मंग ठेवलं काहून नाई?"

 देवाजी नुसता रडायला लागला.

टिकारामने पायातल्या चपला काढल्या, फावडं घेतलं आणि आपल्या बांधीत येणारं पाणी चिखल भरून बंद केलं. पाटाचं तोंड त्याने शेजारच्या भेगाळलेल्या बांधीकडे वळवलं. फावडं मारताना त्याचेही डोळे वाहत होते, आणि ते पुसायची त्याने तसदी घेतली नाही.

परसराम पोरगा भला होता, पण पाण्याचा अंदाज त्याला आला नाही. शेवटची बांधी, म्हणजे टिकारामची, यायच्या आतच तळ्याचा तळ दिसला.