सतरा नंबरचा पाना

चटईवर पाठ टेकवून, टॉर्च हातात घेऊन ती गाडीखाली सरकली. वरून नवऱ्याचा आवाज आला.

"दिसतंय का काही?"

"थेंब धरलाय. मागच्या सीलमधूनच येतंय तेल."

"नीट बघ हं. नाहीतर सांगशील एक आणि असेल भलतंच."

गाडी तिच्या बाबांची. ते गेल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि उभ्या गाडीचं जे व्हायचं तेच झालं होतं. रबरं वाळली, पॅकिंग आखडली, तेल जागोजागी झिरपू लागलं. इतकी वर्षं कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग मुलाचा फोन आला. जुन्या गाड्यांना लग्नांसाठी भाडं चांगलं मिळतं, गळती थांबली की घेऊन जातो. झालं, नवरा कंबर कसून कामाला लागला. मेकॅनिकचं नाव काढलं की खवळायचा. सगळे लुटारू, म्हणे. पण पाठीच्या दुखण्यामुळे त्याला गाडीखाली जाता येत नव्हतं. म्हणून वरचं काम त्याचं आणि खाली बघायचं तिने.

वरची पॅकिंग त्याने बदलली, आणि खरं सांगायचं तर बरी बदलली. गळती तेव्हाच थांबली होती. आता जे गळत होतं ते तिच्या हातचं. रोज तो आंघोळीला गेला की ती खाली सरकायची आणि जुनं तेल काढायला उघडतात तो तळाचा बोल्ट सतरा नंबरच्या पान्याने किंचित सैल करायची. पाना कसा धरायचा हे बाबांनी तिला शाळेत असतानाच शिकवलं होतं. नवऱ्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. बाबांच्या सीटवर परकी माणसं ऐसपैस बसलेली तिला बघवली नसती. मुलगा कंटाळून नाद सोडेल आणि गाडी शेडमध्ये राहील, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी चहा पिता पिता नवरा म्हणाला,

"मागचं सील म्हणजे इंजिनच उतरवायला हवं. कोण करत बसणार? मुलगाही नको म्हणाला. भंगारवाल्याला बोलावलंय, दुपारी येईल."

ती तशीच उठली, गाडीखाली गेली, बोल्ट गच्च आवळला, कोरडा पुसला आणि खाली ताजं वर्तमानपत्र पसरलं. दुपारपर्यंत त्यावर एक डाग पडला नाही.

"अहो, बघा तरी. गळती थांबली."

"गळायला तेल उरलंय कुठे!"

"आहे ना. मीच रोज बोल्ट सैल करत होते. गाडी जाऊ नये म्हणून."

तो खो खो हसत सुटला. भंगारवाला ट्रकमधून उतरत होता, त्यालाही त्याने सांगितलं.

"ऐकलंत का? आमच्या बाईसाहेब म्हणे पाना चालवतात!"

भंगारवालाही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

ती पाना घेऊन पुढे झाली.

"करून दाखवते. दोन मिनिटं थांबा."

"अगं, बाजूला हो, साखळी लागेल." नवऱ्याने तिचा हात धरून तिला मागे घेतलं. भंगारवाल्याने साखळी ओढायला घेतली आणि गाडी हळूहळू ट्रकला लावलेल्या फळीवर चढू लागली. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. तो अगदी मायेने बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना.

"मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष? तुझ्या बाबांनीच गाडी कधी धड ठेवली नाही."