कपाटावरची खोकी

नझीरची अम्मा फखरुन्निसा हिच्या मते कुवेतमध्ये कचरा असा नव्हताच. कोंबडीच्या भावाचं पत्रक असो, टायरच्या दुकानाची जाहिरात असो, की खोकल्याच्या औषधातली चिठ्ठी असो, सगळ्यावर अरबी अक्षरं. श्रीवर्धनकडच्या आपल्या गावात तिनं ती फक्त कुराणात पाहिलेली, त्यामुळे अरबी अक्षर पायदळी जाऊ देणं तिला जमणारच नव्हतं. इथे आल्यापासून असा प्रत्येक कागद ती पुसून, सरळ करून खोक्यात घालत आली होती. खोकी जमिनीवर ठेवणं म्हणजे बेअदबी, म्हणून ती कपाटाच्या माथ्यावर. फर्वानियातल्या त्या दोन खोल्यांत शाम्पूच्या जाहिराती सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसल्या होत्या.

"अम्मा, यात लिवलंय, दोन बाटल्यांवर एक फुकट," नझीर वाचून दाखवायचा. तो एका व्यापारी कंपनीत मंदूब होता, म्हणजे लोकांचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर उभा राहणारा माणूस. अरबी त्याला पोटापाण्यापुरती येत होती.

"असंल. पन अलिफ तोच हाय ना? लाम तोच हाय ना?" अम्मा एकेका अक्षरावर बोट ठेवून म्हणायची, आणि वाद तिथेच मिटायचा.

मग कंपनीनं माणसं कमी केली आणि जी ठेवली त्यांचे पगार कापले. त्या पगारात अम्माचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा मिळणार नव्हता आणि हे घरही झेपणार नव्हतं. नझीर आणि त्याची बायको अदिबा एका खोलीत जाणार होते आणि अम्मा कायमची गावी, तिच्या भाचीकडे, रिदाकडे. साऱ्या दुनियेचे इकामे करून देणाऱ्या माणसाला सख्ख्या आईचा करता येऊ नये, हे नझीरला इतकं लागलं होतं की खरं सांगायला त्याची जीभच रेटेना.

"दोन महिने जाऊन ये," तो म्हणाला. "नवीन घर लागलं की बोलावतो."

अम्मानं मान डोलावली. नझीरनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण खोटं एकदा बोलून भागत नाही. अम्मा खाटेवर बसून हुकूम सोडू लागली. "ती वाफेची मशीन ठेव, थंडीत मना लागंल."

"ठेवतो."

"ही खाट ठेव. दुसरीवर मना झोप येत नाय."

"ठेवतो. शुवैखला मित्राचं गोदाम हाय, सगला नीट रवेल."

मित्रही नव्हता आणि गोदामही नव्हतं. दुपारी अम्माचा डोळा लागला की सामान गुपचूप खाली जायचं. काही शेजारच्या इमारतीत विकलं गेलं, काही जुन्या बाजारात, काही थेट कचऱ्यात. खाट तेवढी गिऱ्हाईक ठरवून शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. अदिबाला हे बघवेना.

"सांगून टाका ना एकदाचं. म्हातारं माणूस आहे, रडेल, पण कळेल तरी."

"विमानात बसवतो. मग फोनवर सांगतो."

"फोनवर!" अदिबानं कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अम्माला दुःख नको म्हणून गप्प बसलोय, असं नझीर स्वतःला समजावत होता. खरं तर तिचा चेहरा बघायची त्याची छाती नव्हती, एवढंच.

खोकी शेवटपर्यंत राहिली. "ही मी माझ्या हातानं दर्यात सोडीन, आल्यावर," अम्मानं बजावलं. "तवर गोदामात उंचावर ठेव. भुईवर नको."

"ठेवतो," नझीर म्हणाला.

विमानाच्या आदल्या दुपारी त्यानं ती खाली गाडीत नेली. तोही काही धर्म विसरलेला माणूस नव्हता. अल्लाचं नाव असलेले कागद मशिदीत द्यायचे म्हणून तो एकेक चाळत बसला. कोंबडी, टायर, साबण, पुन्हा कोंबडी. दोन खोकी झाल्यावर घामानं भिजला, वैतागला. उरलेल्यातही शाम्पूच असणार, असं म्हणून इमारतीमागच्या मोठ्या डब्यात त्यानं ती रिकामी केली.

सकाळी धुळीचं वारं सुटलं होतं. अदिबानं अम्माला धरून खाली आणलं, मागून नझीर बॅगा घेऊन आला, आणि तिघंही दारातच थांबली. डब्याचं झाकण उघडं पडलं होतं आणि गल्लीभर कागद उडत होते. चाकांखाली, गटाराच्या जाळीवर, भिंतीला चिकटलेले.

आता अम्मा शिव्या देईल म्हणून नझीर वाट बघत राहिला. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अम्मा गुडघ्यावर हात टेकून वाकली, एक कागद उचलला, फुंकर मारून पर्समध्ये घातला. मग दुसरा. अदिबाही धावली. "अम्मा, विमान चुकंल," नझीर म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी पायातले बूट घसरत असतानाही तो कागदांमागे पळू लागला. निम्मे हाती लागले, निम्मे हमरस्त्याकडे उडून गेले.

"बस झाला. चला," अम्मा म्हणाली.

गाडीत त्यानं सुरुवात केली, "अम्मा, त्या गोदामाचं असं झालं..."

"म्होरं बघून चालव."

विमानतळावर चाकांची खुर्ची आली. नझीर तिचा हात डोळ्यांना लावायला वाकला, तेव्हा तिनं दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले.

"नझीर, मी तुना दूध बख्शलं."

अंगावर पाजलेल्या दुधाचं ऋण आई एकदाच माफ करते, मरणाच्या खाटेवर नाहीतर पुन्हा भेट नाही हे ठाऊक असताना. त्याच्या बापाला त्याच्या आजीनं असंच बख्शलं होतं, आणि बाप पोरासारखा रडला होता.

"असं काय बोलतेस? दोन महिन्यांनी तू..."

"जन्मात माझा एवढा आयकला नव्हतंस तू. दर वस्तूला ठेवतो, ठेवतो म्हनलास, तवाच मना कललं." तिनं त्याच्या गालावरची धूळ पुसली. "तुना तोंडानं बोलाय लागू नये, म्हनून मीच बोलले."

मग तिनं खुर्चीवाल्याला हातानं खूण केली आणि तो तिला आत घेऊन गेला.