बदकं जिथे उपाशी राहतात

गेल्या हंगामात माझं भात शेतातच आडवं पडलं आणि लोंबीवर कोंब फुटले. का? तर आमच्या कालव्यावर कोणाच्या शेतात हार्वेस्टर कधी उतरायचं हे खोई नावाचा दलाल ठरवतो. खोईकडे ना शेत, ना यंत्र. नुसता मोबाईल. बाहेरची यंत्रं त्याला विचारल्याशिवाय कालवा ओलांडत नाहीत. टोकाच्या आम्हा सहा घरांचा नंबर कायम शेवटी, आणि त्यातही माझा सगळ्यात शेवटी, कारण मी त्याला हात जोडत नाही.

या वेळी त्याला तोंडावर सांगितलं, "मी माझं यंत्र घेते."

घाटावर कॉफी पीत होता. हसला. "थोआवहिनी, एवढ्याशा शेतात ते वळणार कुठे? आणि चालवणार कोण? दादा तर सायगॉनला बूट शिवतात."

"मी चालवणार. वळायला जागा कमी पडली तर तुझ्या अंगणात वळवीन."

लग्नातल्या बांगड्या मोडल्या आणि तानच्या आवारात गेले. जपानहून आलेली, इथे चार हात फिरलेली यंत्रं तो विकतो. मला झेपतील अशी दोनच होती. एक लाल, रंग इतका ताजा की बोटाला चिकटला. मीटरवर नऊशे तास. दुसरं राखाडी, पत्रा चेपलेला, फाटक्या सीटवर गोणपाट बांधलेलं. मीटरवर तीन हजार.

"ताई, लाल घ्या," तान म्हणाला. "नवरीसारखं आहे."

"म्हणून वय विचारायचं नाही होय?"

यंत्राच्या पोटातलं मला काही कळत नाही. कळतं असं सांगितलं तर खोटं होईल. म्हणून तामकाकांना बोलावलं. यंत्रातलं त्यांनाही कळत नाही, पण वीस वर्षं त्यांची आठशे बदकं हार्वेस्टरच्या मागे मागे तीन जिल्ह्यांत फिरताहेत. एक यंत्र पुढे गेलं की काका धसकटात कळप सोडतात. कुठलंही यंत्र, रंग बदललेला असो नसो, ते ओळखतात. त्या दिवशी त्यांचा कळप तानच्या शेजारच्याच शेतात चरत होता.

काकांनी लाल यंत्राला फेरी मारली आणि मागच्या वेल्डिंगवर थाप दिली. "हे होय! आधी हिरवं होतं. हा डाग मी विसरेन? थोआ, डोळे मिटून घे. फार गुणी यंत्र. दोन हंगाम याच्यामागे फिरलो, बदकं अशी माजली की चालेनात."

"आणि ते राखाडी?"

काका थुंकले. "भिकारडं! त्याच्यामागे गेलं की पदरचा कोंडा घालावा लागतो."

"ऐका!" तान खूश. "वीस वर्षांचा अनुभव बोलतोय!"

मी कमरेची पुरचुंडी सोडलीसुद्धा होती. पहिली गाठ सुटली आणि डोक्यात प्रकाश पडला. बदकं माजली कशावर? कुणातरी बाईच्या सांडलेल्या भातावर! घाम तिचा, दाणे बदकांच्या पोटात.

पुरचुंडी परत बांधली. "तानभाऊ, आवारामागे तुमचं पिकलेलं भात उभं आहे. दोन्ही यंत्रांनी एकेक पट्टा कापून दाखवा."

कुरकुर करत त्याने कापून दाखवलं. लाल यंत्र मऊ चाललं, राखाडी खोकत खोकत.

"काका, आता बदकं सोडा."

"इथे?" तान ओरडला. "हे काय चाललंय?"

बदकं आधी सगळीकडे पांगली. पेंढ्यात चोची घातल्या, कलकलाट झाला, आणि बघता बघता अख्खा कळप लाल यंत्राच्या पट्ट्यात जमला. मान वर काढायला कुणी तयार नाही. राखाडीच्या पट्ट्यात चार-पाच रेंगाळली, तीही कंटाळून तिकडेच पळाली.

"बदकांना काय कळतं यंत्रातलं?" तानचे कान त्या लाल यंत्राच्या रंगाचे झाले होते.

"तुमच्या मीटरपेक्षा जास्त. ती तास मागे फिरवत नाहीत."

तामकाका ओशाळले. "अगं, मी खरंच चांगलं तेच सांगितलं."

"हो काका. तुमच्यासाठी चांगलं."

राखाडी घेतलं. तराफ्यावरून टोकाला आणलं, तर घाटावर खोई दोन माणसं घेऊन उतरायच्या फळीसमोर उभा. "वहिनी, इथे यंत्र उतरवायचं तर मला विचारावं लागतं."

मी इंजिन चालू केलं. काळा धूर त्याच्या हातातल्या कॉफीवर गेला. तो काहीतरी ओरडत होता, मला ऐकू येत नव्हतं, ऐकायचंही नव्हतं. रबरी पट्टे फळीवर चढले तशी आधी त्याची माणसं बाजूला झाली, मग तो.

बांध दोनदा फोडला, एकदा चिखलात रुतले, हसणारे हसले. तरी पाच दिवसांत टोकाची सहाही शेतं कापली. माझं सगळ्यात शेवटी. भात अजून उभंच होतं. शेवटचा नंबर याही वेळी माझाच, पण तो मी लावला होता.

तामकाका कळप घेऊन आले आणि तासाभरात बांधावरून ओरडले, "थोआ, तुझ्यामागे माझी बदकं वाळून मरतील गं!"

"खोई बोलावतो त्या यंत्रांमागे न्या," मी सीटवरूनच ओरडले. "तिकडे अजून जेवण सांडतं!"