अन्नपूर्णा काट्यावर

“उपास आपण धरावा, दुसऱ्याला घडवू नये,” असं माझ्या सासूबाई बजावायच्या. घोडबंदरच्या या वृद्धाश्रमात आल्यापासून मी सगळे नेम पाळले. हा एवढा राहून जात होता.

माझ्या खोलीतल्या अनसूयाबाई जुन्या भाईंदरच्या कोळीण, वय ब्याऐंशी. आश्रमात सात्त्विक जेवण, त्यात दुधी फार. ताट आलं की त्या म्हणायच्या, “ह्या काय जेवान हाय?” आणि दोन घासांवर ताट सरकवायच्या.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी डॉक्टर अमोल वजन करतात. काटा चाळीसच्या खाली गेला की रवानगी तिसऱ्या मजल्यावर. तिथे खाट आणि नाकात नळी. मी आल्यापासून सहाजणी तिथे गेल्या, आपल्या पायांनी खाली एकही आली नाही. गेल्या महिन्यात बाई जेमतेम साडेचाळीस होत्या आणि आता तर बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

बुधवारी त्यांनी विचारलं, “गो बाय, तुजी देवी किती किलोची?”

“अहो, देवीला असं विचारतात का!”

“उद्या माज्यासंगं काट्यावर येल का, म्हनून इचारते.”

मी कानांवर हात ठेवले. मग सकाळी पूजा झाल्यावर माहेरची भरीव अन्नपूर्णा मीच त्यांच्या ओच्यात बांधली. शेजारी गंधाची सहाण. बाईंना तेवढ्यानं धीर येईना, म्हणून घंटाही. तिच्या लोलकाला मी कापूस गुंडाळला.

बाई काट्यावर चढल्या आणि कमरेतून टण्ण आवाज आला. कापूस सुटला होता.

“काकू, काय वाजलं?” डॉक्टरांनी मलाच विचारलं.

गुरुवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

“अरे हो, मौन! सॉरी काकू.” ते काट्याकडे वळले. “बेचाळीस! रसिका मॅडम, बघा दुधीची कमाल. यांना आता दोन्ही वेळा दुधीच वाढा.”

आमच्या व्यवस्थापिका रसिका मॅडमनी लगेच लिहून घेतलं. बाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, “मेले गो!”

बेचाळिसातून देवी, सहाण आणि घंटा मी मनात वजा केली, तेव्हा जेमतेम अडतीस उरले.

दुपारी मौन सुटल्यावर अन्नपूर्णेला चिंचेनं घासताना म्हटलं, “आई, या वेळी तू उभी राहिलीस. पुढच्या महिन्यात बाई एकट्या उभ्या राहतील. माझा शब्द.”

मग बाईंना विचारलं, “काय दिलं तर पोटभर जेवाल?”

“सुका बोंबील. निखाऱ्यावर भाजलेला.” त्यांची नजर माझ्या धुपाटण्यावर होती.

“अहो, आणि वास?”

“वरशी मूठभर धूप टाक. तुजा देव काय बोलाचा न्हाय.”

मी तर लसूणसुद्धा खात नाही. पण सासूबाईंचं वाक्य काही केल्या कानातून जाईना.

आज सकाळी पूजा आटोपून परडीत घट्ट झाकणाचा डबा ठेवला. बाईंनी हळूच शिकवलं, “कडकडीत बघून घे. मऊ लागला तं परत दे.”

दारात रसिका मॅडम भेटल्या. “काकू, कुठे निघालात?”

“भाईंदरच्या बाजारात. नैवेद्याचं आणायला.”

“किती करता हो देवाचं!”

मी पदर डोक्यावरून घेतला आणि बस थांब्याकडे चालू लागले.