बिरोबाच्या बोराटीखालचं गवत

बिरोबाच्या माळावर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. आटपाडीच्या पूर्वेचा आमचा माळ यंदा तव्यासारखा तापलेला. दोन सरी टाकून पाऊस गेला तो परत फिरकलाच नाही. आणि देवळाजवळच्या एकट्या बोराटीच्या, रानबोरीच्या काटेरी झुडपाच्या बुडाशी मात्र गवत उगवलं होतं, बोटभर उंच, हिरवंगार. बायका त्या गवताला हात लावत आणि तोच हात आपल्या मेंढरांच्या पाठीवरून फिरवत.

बोराटीशेजारी घोंगडीवर हिरवेबाबा बसले होते. ते कुठून आले हे कुणी विचारलं नव्हतं. आल्या आल्या त्यांना तिथं देवी दिसली, एवढं पुरेसं होतं.

"आई हितं बसलीया," बाबा डोळे मिटून सांगत. "पन तुमच्या रानातली झुडपं तिचं पाणी चोरत्यात. तोडा आन् जाळा. हिच्या बुडाची माती न्या, रानात टाका. आन् घरटी एक कोकरू आईला सोडा."

देवी कुणाला दिसत नव्हती. कोकरं मात्र बाबांच्या टेम्पोत दिसत होती.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझं कुणी ऐकत नाही. मी हसून निघालो होतो, तेवढ्यात रांगेत हरणाबाई दिसल्या आणि माझं हसू पळालं. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं कळप सांभाळला होता. त्यातली निम्मी मेंढरं या उन्हाळ्यात मेली. उरलेली त्यांच्या ओढ्याकाठच्या बोराट्यांच्या पाल्यावर तग धरून होती, आणि नेमक्या त्याच बोराट्या तोडायला बाबांनी सांगितलं होतं. बाईंच्या हातात कोयता होता.

बाईंना थांबवा म्हणून मी त्यांचे दीर तात्याबा यांना गाठलं. तात्याबा भला माणूस, पण त्या दिवशी पार खचलेला.

"सर, झुडपाजवळचं गवत खुरटं ऱ्हातं, ह्ये म्या या डोळ्यांनी बगितलंय," ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. पाऊस वेळेवर पडायचा तेव्हा झुडूप आणि गवत पाण्यासाठी, उजेडासाठी भांडायची आणि गवत हरायचं. त्याच अनुभवावर गावानं मागं सगळा माळ साफ केला होता. बिरोबाचं झुडूप तेवढं राहिलं, कारण देवाच्या जागेत कुणी कुऱ्हाड घालत नाही. पण आता ऊन वाढलं, पावसाचा भरवसा गेला. अशा साली तेच झुडूप गवताला सावली धरतं, जमिनीची ओल राखतं. मी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. शाळेत सांगा, म्हणाले लोक.

हरणाबाई घराकडे निघाल्या, मी मागोमाग. आधी देवीचं कोकरू न्यायचं, मग ओढ्यावर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कोकरू जागेवर नव्हतं. ते सापडलं घरामागं. मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या जुन्या काट्यांचा, वाळल्या काटेरी फांद्यांचा तिथं ढीग पडला होता. कोकरू गुडघ्यांवर बसून त्यात मान खुपसत होतं. काटे टोचत होते, तरी मागं सरत नव्हतं.

बाईंनी कोयत्यानं काट्या उचलल्या. खाली गवत होतं, माळावरच्यासारखंच हिरवं.

त्या खाली वाकल्या, गवतावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "सर, हितं कोन बसलंय?"

मी त्यांना एक हात ढिगाखालच्या मातीत घालायला सांगितला, दुसरा बाहेरच्या. बाहेरची माती पोळत होती, आतली गार, ओलसर लागली. मेलेल्या काट्या, त्यांना ना मूळ ना पान. त्यांनी फक्त ऊन अडवलं, कुजलेल्या पाल्यात ओल धरली आणि जनावरांची तोंडं लांब ठेवली. बोराटीखाली याहून वेगळं काही घडलं नव्हतं.

बाई तशाच माळावर परतल्या. त्यांनी काट्यांची एक फांदी बाबांपुढं टाकली आणि सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, आई काट्यांतबी शिरली.

"काट्यात आई हाय, तर आमाला काट्या जाळाय का सांगितलं?" हरणाबाईंनी विचारलं.

बाबा घोंगडी गोळा करू लागले. गर्दी टेम्पोकडे वळली, लोक आपापली कोकरं खाली उतरवू लागले. त्या गडबडीत बाबा कधी सटकले, समजलंही नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण तात्याबा बोराटीपाशी उकिडवे बसले होते. दिवसभर मूठमूठ माती नेऊन भक्तांनी तिचं बूड उकरलं होतं. मुळं उघडी पडली होती. आम्ही माती लोटली, घागरीनं पाणी आणून घातलं. आठवड्यात बोराटी वाळली आणि तिच्याखालचं गवतही गेलं. कुऱ्हाडीपासून वाचलेलं झाड आम्ही नमस्कार करून मारलं.

हरणाबाईंच्या ओढ्याकाठच्या बोराट्या वाचल्या, पण तेवढ्या पाल्यावर कळप जगणार नव्हता. उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे चाऱ्याला मिळतील या आशेनं त्या मेंढरं घेऊन उंब्रजकडच्या ऊसपट्ट्यात निघाल्या. जाण्याआधी त्यांनी आणि तात्याबांनी माळभर फिरून मागं तोडलेल्या बोराट्यांच्या खुंटांवर काट्या टाकल्या. काही खुंटांना कोंब फुटले होते.

"आमी येऊस्तवर ऱ्हातील का ह्ये?" त्यांनी विचारलं.

पाऊस माझ्या हातात नव्हता, म्हणून मी हो म्हणालो नाही. राखण करतो, एवढंच म्हणालो.

तुमच्या माळावरही एखादं झुडूप असेल, त्याखाली थोडं हिरवं असेल. उद्या तिथं कुणी घोंगडी टाकून बसला, तर हात जोडण्याआधी मातीत घालून बघा. आणि त्या झुडपाला जगू द्या, कारण कुणाची तरी मेंढरं त्याच्या भरवशावर परत येणार आहेत.