वसईच्या किल्ल्यावरचा पत्र्याचा ट्रक

परीक्षक महाशय, तुम्ही अन्याय केलात. स्पर्धेतल्या त्या नकुलच्या दिवाळीच्या किल्ल्यावर प्लास्टिकचा जिराफ उभा होता, त्याला तुम्ही हात लावला नाहीत. मला मात्र बघताक्षणी म्हणालात, हा काढा.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा ट्रक आहे, आणि जळकुटा आहे. आधीच सांगून टाकतो. मी मातीच्या मावळ्यांवर जळतो.

माझा जन्म अंगोलातला. पोर्तुगिजांनी शेकडो वर्षं तो देश ओरबाडला, तिथली माणसं जहाजांत भरून विकली आणि १९७५ साली ते निघून गेले. ते जाताच घरातल्या घरात युद्ध पेटलं. सत्तावीस वर्षं चाललं. त्याच्या अखेरीस डोमिंगास नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने मला घडवलं. मदत म्हणून आलेल्या खाद्यतेलाचा रिकामा डबा तिने दगडाने ठोकून सपाट केला आणि तारेने शिवला. 'विक्रीसाठी नाही' ही त्यावरची इंग्रजी अक्षरं अजून माझ्या पाठीवर आहेत. डबा अमेरिकेचा होता. म्हणजे तसं बघितलं तर इथे अमेरिकेत मी आजोळीच आलोय.

उत्तराआजी मूळच्या नागपूरच्या, न्यू जर्सीत हाडांच्या डॉक्टर. त्या तेव्हा अंगोलातल्या इस्पितळात तीन महिने कामाला होत्या. वॉर्डातली पोरं मला ओढायला रांग लावायची. आजी निघाल्या तेव्हा डोमिंगासने मला त्यांच्या पिशवीत टाकलं.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी, आजींच्या घरी, पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं. पाहुणे म्हणायचे, "किती क्यूट! ही गरीब मुलं काय क्रिएटिव्ह असतात ना." मग मी गॅरेजमध्ये गेलो, बर्फ काढायच्या फावड्यामागे, बुटांच्या खोक्यात. वीस वर्षांहून जास्त काळ.

मावळेही त्याच गॅरेजमध्ये असतात. पण ते पुण्याहून आलेले, बबल रॅपमध्ये झोपतात. दर दिवाळीत त्यांच्या मिशा नव्याने रंगवतात. त्यांच्या लढाईला पोवाडे आहेत. माझ्या लढाईत दोन्ही बाजूंना डोमिंगासचेच काका होते. त्याचा पोवाडा कोण रचणार?

यंदा आजींच्या नातीने, रुहीने, इथल्या मराठी मंडळाच्या किल्ल्यांच्या स्पर्धेसाठी गॅरेजमध्ये वसईचा किल्ला केला. विषय होता लढाई. तीन वर्षं तिचा दुसरा नंबर येत होता. यंदा तिला पहिला हवाच होता. मावळे शोधताना तिच्या हाती माझं खोकं लागलं. आजी म्हणाल्या, "वसईला पोर्तुगीज हरले, पण अंगोलात राहिले ना. हा तिथला." रुहीने मला उगवलेल्या मोहरीच्या कडेला, किल्ल्याच्या दरवाजाबाहेर उभं केलं.

मग महाशय, तुम्ही कागद घेऊन आलात.

"सतराशे एकोणचाळीसमध्ये ट्रक? टाइमलाइन बिघडली की गं."

"काका, नकुलकडे जिराफ आहे."

"जिराफ डेकोरेशन आहे. डेकोरेशन चालतं."

"मग ट्रकला पण डेकोरेशन म्हणा."

"त्यावर काहीतरी लिहिलंय. लोक विचारत बसतील."

"विचारू देत की," आजी म्हणाल्या.

"काकू, तुम्ही तरी तिला समजवा. किल्ला फर्स्टक्लास झालाय. एवढं काढलं की पहिला नंबर, आत्ता लिहितो."

रुहीने मला उचललं. मी म्हटलं, संपलं. तिच्या जागी मी असतो तर मीही मला फेकलं असतं. पण तिने मला उलटं केलं.

"आजी, हे व्हील्स कशाचे आहेत?"

"चपलेचे. डोमिंगासच्या भावाच्या, डाव्या पायाच्या."

"व्हाय ओन्ली लेफ्ट?"

"अनवाणी खेळताना सुरुंगावर डावा पाय पडला त्याचा. मीच कापला, गुडघ्याखाली. डावी चप्पल उरली."

एवढ्या वर्षांत आजींनी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही पेनाचं टोपण लावत होतात, काढत होतात.

रुहीने दोन मावळे बाजूला सरकवले आणि मला दरवाजाच्या आत ठेवलं. "इट्स ओके, काका. दुसरा नंबर चालेल मला."

तुम्ही दुसराही दिला नाहीत. 'विषयाशी विसंगत' असं लिहून कागद तिच्या हातात ठेवलात आणि पुढच्या घरी गेलात.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू कचऱ्यात टाकण्याआधी ती उलटी करून बघा. ती कोणी केली, कशातून केली, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. ते गप्प बसले तर पुन्हा विचारा. अंगोला आज खनिज तेल विकतो, आणि तिथली पोरं अजून उपाशी झोपतात. डोमिंगास जगली असेल तर आता चौतीस वर्षांची असेल. मला माहीत नाही. आजींनाही माहीत नाही.

आणि परीक्षक महाशय, एका पोराच्या तुटलेल्या पायाची चप्पल ज्या विषयाशी जुळत नाही, तो विषय तरी कोणता होता? लढाई म्हणजे काय ठरलं होतं तुमच्या मंडळात? तोंडी नको, लेखी उत्तर द्या. पत्ता तुमच्याकडे आहेच.