सटवाजीच्या मातीतलं शिसं

माती तपासणीचा कागद घेऊन सटवाजी दुकानासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मुन्ना एका ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावत होता. कनेरगाव नाक्यावरचं त्याचं दुकान सटवाजीच्या हळदीच्या रानाला खेटून होतं. जागाही सटवाजीचीच.

"मातीत शिसं निघालंय, ढिगानं!" सटवाजी गरजला. "उद्या दुकान उचल."

"मी काहून? शिसं काय माझ्याच घरचं हाय?"

"मंग काय माझ्या म्हशीचं?"

मुन्नाने हातातली वायर खाली ठेवली. बारा वर्षांची गिऱ्हाइकं याच जागेला धरून होती.

तेवढ्यात वैष्णवी स्कूटीवरून उतरली. एम.एस्सी.साठी ती गावोगावची माती तपासत होती. कागद तिनेच पाठवला होता.

"काका, नुसत्या आकड्यावर भांडू नका," ती म्हणाली. "शिसं कोणत्या रूपात आहे ते बघावं लागतं. बॅटरीतलं असेल तर मातीत बहुतेक सल्फेट सापडतं. तुम्ही पाठवलेल्या मातीच्या पिशवीत केशरी कण होते. ते ऑक्साइड."

"ऐका!" मुन्ना उसळला. "सल्फेट निघालं तरच माझं!"

"नमुना कसा घेतला, काका?"

"तुमी सांगितला तसा बराबर. पाच जागची माती, वीतभर खोल, सावलीत वाळवली."

"आणि मग?"

"मंग म्हसोबापुढं ठेवली. शेतातली वस्तू परगावी चालली, तशीच कशी धाडायची? देवाला शेंदूर लावला, उरलेला पिशवीत टाकला. रिपोर्ट चांगला यावा म्हून."

वैष्णवीने कपाळाला हात लावला. "काका, काही शेंदूर शिशाचाच असतो."

नवे नमुने तिने स्वतः घेतले, दुकानामागच्या अंबाडीची पानंही. मुन्ना पिशव्यांची राखण करत बसला. सटवाजीला त्याने म्हसोबाच्या दिशेला फिरकूही दिलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल आला. हळदीचं रान ठीक होतं. दुकानामागच्या तुकड्यात मात्र शिसं होतं, आणि तिथल्या अंबाडीच्या पानांतही थोडं उतरलं होतं.

"कोणत्या रूपात?" सटवाजीने अभ्यासू चेहऱ्याने विचारलं.

"बहुतेक सल्फेट."

मुन्ना घसा खाकरत म्हणाला, "काका, ती अंबाडी तुमी खाता का?"

"मी कशाला? तूच नेतोस की रोज. आंबट आवडते म्हून."

मुन्नाने टेबलावरची अंबाडीची जुडी उचलून लांब सारली.

"दुकान राहू दे," सटवाजी नरमला. "पण आधी खाली पक्की फरशी. अन् बॅटरीचं पाणी माझ्या मातीत न्हाई."

"व्हय," मुन्ना पुटपुटला आणि वैष्णवीकडे वळला. "ताई, रक्त कुठं तपासून मिळंल?"